मुलगी दहावीत, रात्री एकपर्यंत फोन. काढून घेऊ की राहू देऊ?

मांजलपूरची आई
नमस्कार सगळ्यांना. आम्ही वडोदऱ्यात मांजलपूरला राहतो, मुलगी यंदा दहावीत आहे, १५ पूर्ण झाली. शाळा सकाळची, पावणेसहाला उठावं लागतं आणि रात्री एक एक वाजेपर्यंत पांघरुणात फोनचा उजेड दिसतो. फोनच नको म्हणायची सोय नाही कारण शाळेचं होमवर्क, ट्युशनच्या नोट्स, टेस्टच्या तारखा सगळं व्हॉट्सॲपवरच येतं. आणि सगळंच वाईट पण नाही हो, नवरात्रासाठी मैत्रिणींचा ग्रुप आहे, गरब्याच्या स्टेप्स बघून बघून गच्चीवर प्रॅक्टिस करतात, व्हिडिओ ही स्वतः एडिट करते आणि खरंच छान करते. पण सकाळी चिडचिड, शाळेतून आली की झोप, संध्याकाळी परत रील्स. ह्यांचं म्हणणं बोर्ड होईपर्यंत साधा फोन द्यायचा, सासूबाई म्हणतात पोरीला काही बोलू नका. मला दोन्ही पटत नाही. ज्यांच्याकडे ह्या वयाची मुलं आहेत त्यांनी सांगा ना, तुम्ही घरात काय ठरवलंत? दिवसाला किती तास चालेल असा काही आकडा असतो का?

कारेलीबागकर
ताई माझं स्पष्ट मत, काढून घ्या. आम्ही मुलाला बटणवाला फोन दिला, ट्युशनचा ग्रुप त्याच्या आईच्या फोनवर आहे, नोट्स आल्या की ती प्रिंट काढून देते. पहिले काही दिवस घरात तोंड फुगवून बसला, मग सवय झाली. बोर्डाचं वर्ष एकदाच येतं, रील्स काय नंतर पण बघता येतील.

विज्ञान शिक्षिका, राजमहेल रोड
मी आठवी ते दहावी शिकवते, पहिल्या तासाला अर्धी मुलं डोळे चोळत असतात म्हणून हा विषय मला फार जवळचा आहे. तासांच्या आकड्याच्या मागे लागू नका असं सांगेन. दोन तास व्हिडिओ एडिट करणं आणि दोन तास अंगठा वर सरकवत राहणं ह्यात पुष्कळ फरक आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेसुद्धा २०१६ पासून मोठ्या मुलांसाठी ठराविक तास सांगणं सोडलं, झोप, व्यायाम, अभ्यास, घरच्यांबरोबरचा वेळ ह्यातलं काय मारलं जातंय ते बघा म्हणतात. तुमच्याकडे उत्तर समोरच आहे, झोप मारली जातेय. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, तिला पाच पण मिळत नाहीयेत. शिवाय ह्या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार व्हायला लागतं, म्हणजे दहाला झोप येत नाही हा तिचा हट्ट नसतो, त्यात फोन हातात असला की ती अजून लांबते. चिडचिड, दुपारची झोप हे बरंचसं तिथूनच आलंय. तेव्हा आधी फक्त रात्र सोडवा, दिवसाचं नंतर बघता येईल.

एमएसयू सेकंड इयर
काकू मी आत्ताच ह्या वयातून बाहेर पडलेय म्हणून लिहिते. कारेलीबागच्या काकांना राग येऊ नये पण माझ्या वर्गात ज्यांचे फोन काढून घेतले त्यातल्या बऱ्याच जणींनी मैत्रिणीचा जुना फोन लपवून वापरला आणि मग काही वाईट मेसेज आले तरी घरी सांगायची सोय राहिली नाही, ते जास्त भीतीचं आहे. रात्री जागण्याचं कारण बहुतेक वेळा ग्रुप असतो, सगळ्या बोलत असताना आपणच झोपलो तर सकाळी शाळेत आपल्याला काहीच माहीत नसतं, ह्या वयात ते खरंच फार लागतं. म्हणून तिच्या दोन तीन जवळच्या मैत्रिणींच्या आयांशी बोला, सगळ्यांचे फोन साडेदहाला बंद असतील तर कोणालाच काही चुकल्यासारखं वाटणार नाही. आणि इन्स्टावर तिची जन्मतारीख खरी आहे का बघा. १८ च्या खालच्यांना टीन अकाउंट असतं, भारतात २०२५ मध्ये आलं, त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन येत नाहीत, तासाभराने बंद करा म्हणून सूचना येते, आणि १६ च्या खाली असेल तर ह्या सेटिंग्ज सैल करायला आईवडिलांची परवानगी लागते. पण खूप मुली वय वाढवून टाकतात, मग ह्यातलं काहीच लागू होत नाही. तिला बसवून तिच्याबरोबर बघा, पाठीमागे फोन चेक करू नका प्लीज, विश्वास गेला की परत येत नाही.

दांडिया बाजार, निवृत्त
आमचं गाव सांगलीकडचं, तिकडच्या मोहित्यांचे वडगावचं सांगतो. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास अख्ख्या गावात टीव्ही मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला बसतात. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे मोठ्यांचेही बंद. आपल्याकडे बाप जेवताना शेअर बाजार बघणार आणि मुलीला म्हणणार ठेव तो फोन, ती का ऐकेल? आमच्या घरी रात्री दहाला सगळ्यांचे फोन हॉलमधल्या कपाटावर चार्जिंगला लागतात, माझाही. नातवाला फोन अलार्मसाठी हवा होता, साधं गजराचं घड्याळ आणून दिलं, तो मुद्दा संपला. आणि संध्याकाळ रिकामी ठेवून रील्स बघू नको म्हणणं मला पटत नाही. नातू जुम्मादादा व्यायाममंदिरात जातो, तुमची मुलगी गच्चीवर गरबा करतेय तर बोर्डाच्या नावाखाली तो बंद करू नका, तोच तिला फोनपासून उठवतोय.

मांजलपूरची आई
खूप खूप आभार सगळ्यांचे. जन्मतारीख तिच्यासमोर बसूनच बघते. फोन हॉलमध्ये ठेवायचं ह्यांना पण पटलं, कामाचे कॉल येतात म्हणून थोडी कुरकुर आहे पण तयार झाले. एक विचारायचं राहिलं, नुसती सवय आहे की खरंच व्यसन लागलंय हे ओळखायचं कसं? आणि गरज पडली तर जायचं कुठे?

विज्ञान शिक्षिका, राजमहेल रोड
फोन ठेवायला लावला की चिडणं ह्याला लगेच व्यसन म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेने फक्त गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतलाय, त्यातसुद्धा स्वतःवर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर, असं असावं लागतं. तुमची मुलगी मैत्रिणींत मिसळतेय, गरबा करतेय, मला तसं काही वाटत नाही. पण जेवण सुटलं, शाळा नको म्हणायला लागली, एकटी बसून रडायला लागली किंवा जगण्याचाच कंटाळा आलाय असं काही बोलली तर थांबू नका. टेली मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालतं. आणि साडेदहाला एकदम उडी मारू नका, एक वाजताची सवय आहे तर आधी बारा, मग साडेअकरा असं खाली आणा. सकाळी उठली की तिला गच्चीवर उजेडात पाच दहा मिनिटं उभी करा, रात्री झोप लवकर यायला त्याची मदत होते.