विषय: गाण्यातून विज्ञान, एक शंका

नमस्कार मंडळी,

रविवारच्या वर्गात मुलांना गाण्यांतून विज्ञान शिकवतात, ही मेल वाचली. उपक्रम छान आहे, पण मन साशंक आहे. माझ्या मुलीला मूलद्रव्यांचं अख्खं गाणं तोंडपाठ आहे. लिथियम आणि सोडियम एकाच गटात का, हे मात्र विचारू नका! चाल राहते, विज्ञान निसटतं. चौदा वर्षांच्या मुलांना पुन्हा पाढे घोकायला लावायचे का?

— नववीतल्या मुलीची आई

---

ताई,

शंका रास्त आहे. तयार गाणं पाठ करणं म्हणजे पाढेच. म्हणून आम्ही गाणं देत नाही, लिहायला लावतो.

मागच्या खेपेला एकाने झाडांवर ओळ रचली: "दिवसा अन्न, रात्री श्वास". ठेक्यात चपखल, विज्ञानात चूक. झाडाचं श्वसन दिवसाही चालूच असतं. प्रकाशसंश्लेषणाचा जोर जास्त म्हणून ते झाकलं जातं. मग "रात्री"च्या जागी काय? एकीने "सतत" सुचवलं, एक मात्रा कमी पडली. शेवटी "अखंड" बसला. पाऊण तास गेला यात. पण भर उन्हात झाड ऑक्सिजन घेतं की सोडतं, यावर ही पोरं एरवी हमरीतुमरीवर आली असती का? (शिवाय मराठी शब्दकोश उघडला गेला. मंडळाच्या अहवालात हे ठळक अक्षरांत यावं.)

आणि नुसत्या शब्दांवर भागत नाही. दोन लॅपटॉप घेतो. एकावर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४० हर्ट्झचा (सेकंदाला ४४० कंपनांचा) सूर, दुसऱ्यावर ४४३. एकत्र वाजवले की आवाज सेकंदाला तीनदा लहान-मोठा होतो. ४४३ चा ४४१ केला की एकदाच. वजाबाकी मुलांनीच पकडली, मी गप्प होतो. तानपुरा जुळवताना आपण हीच थरथर घालवत असतो.

— वर्गवाले काका

---

माझीही भर. नुसत्या ताणलेल्या चामड्यातून निघणारे वरचे सूर मूळ सुराच्या पूर्ण पटीत नसतात, त्यामुळे ढोलाला स्पष्ट सूर सापडत नाही. तबल्यावरची शाई, म्हणजे तो काळा गोल, चामड्याचं वजन मधोमध वाढवते आणि ते सूर जवळजवळ पटीत आणते. सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं होतं. टेबलावर एक थाप, तबल्यावर एक "ना", दोन्ही रेकॉर्ड करून वर्णपट (कुठल्या कंपनसंख्येचा सूर किती जोरात, याचा आलेख) शेजारी लावा. तबल्याची शिखरं सारख्या अंतरावर दिसतील. तबला मी आणतो. हातोडीही आणतो, पण ती पोरांच्या हाती लागू देऊ नका.

— तबल्यावाला

---

काका, मुलीला मेल दाखवली. येते म्हणाली, पण गाणार नाही आणि लिहिणारही नाही, फक्त लॅपटॉप सांभाळणार. चालेल?

---

चालेल की. ४४३ वाला तिच्याकडे.