मदत हवी आहे: 'मॅड मेन'मधला लिफ्टचा प्रसंग

ऐरोलीतल्या एका ऑफिसात २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याच्या प्रशिक्षणात 'मॅड मेन' या १९६०च्या दशकातल्या जाहिरात कंपनीवरच्या अमेरिकी मालिकेच्या चौथ्या सीझनमधला तुकडा दाखवायचा आहे. कंपनीतला चित्रकार जोई ऑफिस सांभाळणाऱ्या जोनचं अश्लील चित्र काढतो, त्याची वरिष्ठ कॉपीरायटर पेगी त्याला कामावरून काढते आणि जोन लिफ्टमध्ये पेगीवरच उखडते: क्लायंटकडे शब्द टाकून हे जोननेही केलं असतं! चर्चेला याहून सरस प्रसंग नाही. पण नुसता तेवढाच दाखवला की लोक "बायकाच बायकांच्या वैरी" म्हणून मोकळे होतात. पेगीचा अधिकार तिचा बॉस डॉन याच्या होकारावर उभा आहे, हे निसटतं. आधी दुसऱ्या सीझनमधला तुकडा जोडावा का? टीव्ही विभागाच्या पटकथा जोन उत्तम वाचते, तरी ते काम अलगद एका पुरुषाला मिळतं. दोन्ही मिळून १० मिनिटांत बसवायचंय, काय कापावं?