[मंडळ-यादी] हिवाळी सहल: बिशप हिलच्या जुन्या इमारती, गाडीने

प्रेषक: मेधा (कार्यक्रम समिती, मोलीन)

मंडळी, नमस्कार.

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं की मार्चपर्यंत आपल्या मंडळात सामसूम असते. या वर्षी जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी एक सहल ठरवते आहे: आपल्या इलिनॉय राज्यातल्या हेन्री काउंटीतलं बिशप हिल. स्वीडनहून आलेल्या लोकांनी १८४६ साली वसवलेलं गाव. आज वस्ती जेमतेम शंभर-सव्वाशे, पण त्या काळच्या बऱ्याच इमारती अजून उभ्या आहेत. १९८४पासून गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे.

मोलीनहून पाऊण तास, पिओरियाहून तास-सव्वा तास, शिकागोच्या उपनगरांतून अडीच तास. गाडीत बसूनच गाव फिरायचं, निवडक ठिकाणी उतरायचं. लहान मुलं आणि ज्येष्ठ मंडळी दोघांनाही जमेल.

कोण कोण येणार ते कळवा.

मेधा

---

प्रेषक: अनिरुद्ध (नेपरव्हिल)

मेधाताई, कल्पना छान आहे, पण जानेवारीतच का? आमची धाकटी चार वर्षांची आहे, आणि आय-८० महामार्गावर वारा सुटला की पुढची गाडी दिसत नाही. मे महिन्यात जाऊ या. नाहीतर डिसेंबरात तिथे ल्युसियाचा उत्सव असतो, खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लावतात, डोक्यावर दिव्यांचा मुकुट घातलेल्या मुली असतात. ते आपल्या मुलांना दिवाळीसारखं वाटेल. जानेवारीत तर निम्मी दुकानंही बंद असतील.

अनिरुद्ध

---

प्रेषक: सुधाकरकाका (पिओरिया)

चि. अनिरुद्ध, चि. मेधा आणि सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार. मी या गावाला सगळ्या ऋतूंत गेलो आहे. माझं मत स्पष्ट आहे: इमारती बघायच्या असतील तर हिवाळाच.

पहिलं कारण अगदी साधं. उन्हाळ्यात गावातली झाडं इतकी भरलेली असतात की इमारतीचं तोंड दिसलं तर छप्पर दिसत नाही. जानेवारीत पानं गळलेली, मक्याची शेतं कापून सपाट झालेली. दुपारचं ऊन तिरपं पडतं आणि भिंतीवरचा गिलावा, विटांचे थर, चौकटींची खोली सगळं उठून येतं. ल्युसिया सुंदरच असतो, पण तो संध्याकाळचा, आणि डिसेंबरात साडेचारला अंधारतं. तेव्हा दिवे दिसतात, इमारती दिसत नाहीत.

दुसरं कारण महत्त्वाचं. हे गाव हिवाळ्याने घडवलं आहे. एरिक जॅन्सन नावाच्या धर्मोपदेशकाचं स्वीडनमधल्या सरकारी चर्चशी बिनसलं, त्याच्या मागे शेकडो शेतकरी आणि कारागीर निघाले. अटलांटिक ओलांडायचा, मग कालवे आणि सरोवरांतून शिकागो, आणि तिथून पुढे बरेच जण सुमारे १६० मैल पायी आले. पोहोचले तेव्हा घरं नव्हती. घळीच्या उतारात खणून, पुढे लाकडं लावून खोपटी केली आणि त्यात पहिला हिवाळा काढला. थंडी, उपासमार आणि रोगराईत जवळजवळ शंभर माणसं गेली. मे महिन्यात त्या घळीपाशी उभं राहिलं तर हिरवळ दिसते, मुलं गडगडत खाली जातात. तिथे माणसं का मेली हे कळायचं असेल तर शून्याखालच्या तापमानात दोन मिनिटं उभं राहावं लागतं. म्हणून माझी विनंती, आधी घळ, मग बाकीचं गाव. बहुतेक लोक थेट घड्याळाच्या इमारतीपाशी गाडी लावतात आणि क्रम उलटा होतो.

घळीनंतर कॉलनी चर्च. १८४८चं, म्हणजे त्या खोपटांनंतर दोनच वर्षांनी बांधलेलं. बाहेरून धान्याचं मोठं कोठार वाटतं, छपराचा उतार मध्ये एकदा मोडून खाली येतो. आत गेल्यावर बांधणाऱ्यांची निकड लक्षात येते. प्रार्थनेची जागा वरच्या मजल्यावर. खालचा मजला आणि तळघर मिळून २० खोल्या, एका खोलीत एक कुटुंब. स्वयंपाक आणि पंगत सामाईक, त्यामुळे घरोघरी चूल ठेवायची गरज नव्हती. ज्यांच्याकडे छप्परच नव्हतं त्यांनी देवासाठी वेगळी आणि माणसांसाठी वेगळी इमारत बांधली नाही. मी आयुष्यभर बांधकामात काम केलं. एका छपराखाली इतकी नेमकी सोय फार कमी ठिकाणी पाहिली.

वरच्या दालनातले बाक नीट बघा. काळ्या अक्रोडाचं लाकूड, हातकाम. मधून लाकडी आडोसा गेला आहे, एका बाजूला पुरुष, दुसरीकडे बायका. बाकाच्या कडेवरून बोट फिरवायचा मोह होतो, पण हात लावू नका.

मग स्टीपल बिल्डिंग, १८५४ची. तीन मजली, विटांची, वरून गिलावा, पुढे ग्रीक धर्तीचे खांब. माथ्यावर लाकडी मनोरा आणि त्यात चारही दिशांना घड्याळ. प्रत्येक तबकडीवर एकच काटा, तासाचा. काटा अकरा आणि बाराच्या मधोमध आला की साडेअकरा, थोडा अलीकडे असला की सव्वाअकरा. शेतात काम करणाऱ्याला लांबून एवढं पुरत असणार. मुलांना गाडीतूनच वेळ ओळखायला सांगा, आमच्या नातवंडांना ते फार आवडलं होतं.

विटा तिथेच भाजलेल्या. लोहारशाळा आणि सुतारशाळा त्यांच्याच, त्या दोन्ही इमारती आजही उभ्या आहेत. सगळ्यात मोठी इमारत मात्र बघायला मिळणार नाही. बिग ब्रिक म्हणत, चार मजली, जवळजवळ २०० फूट लांब, त्यात सामुदायिक भोजनशाळा आणि राहण्याच्या खोल्या होत्या. १९२८ साली आगीत गेली. मी दर वेळी त्या जागेपाशी गाडी थांबवतो.

थंडीची काळजी करू नका, पण तयारी हवी.

तुमचा,
सुधाकरकाका

---

प्रेषक: प्राची (ब्लूमिंग्टन)

काका, तुमचं पत्र घरात मोठ्याने वाचलं. तरी एक गोष्ट मनात आली ती लिहिते. हा जॅन्सन म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बुवाच ना? मीच काय तो खरा संदेश आणला, असं सांगायचा, धर्मग्रंथ सोडून बाकीची पुस्तकं जाळायला लावायचा. लोकांनी घरदार विकून पैसे सामाईक तिजोरीत टाकले. बुवाबाजीविरुद्ध बोलणारी माणसं आपण, मग तिथे जाऊन कौतुक कशाचं करायचं? मुलांना काय सांगायचं?

प्राची

---

प्रेषक: मेधा (मोलीन)

प्राची, बरं झालं विचारलंस. याचं उत्तर सहलीतच असायला हवं, म्हणून मी रस्ता थोडा बदलते आहे. जाताना आपण आधी केंब्रिजला थांबू, ते हेन्री काउंटीचं मुख्य ठिकाण. १३ मे १८५० रोजी तिथल्या न्यायालयात जॉन रूट नावाच्या माणसाने जॅन्सनला गोळी घातली. रूटची बायको जॅन्सनची नात्यातली. तिला वसाहतीबाहेर न्यायचं की नाही यावरून दोघांचं वैर विकोपाला गेलं होतं. आजची न्यायालयाची इमारत नंतरची आहे, पण मुलांना ही गोष्ट तिथेच सांगायची. एका माणसाच्या हाती सगळ्यांचं आयुष्य, लग्नसुद्धा, दिलं की काय होतं ते त्यात सगळं आहे. पुस्तकं जाळल्याचंही सांगायचं, १८४४चं. काहीही लपवायचं नाही.

पण तारखा बघ. जॅन्सन गेला १८५०मध्ये, आणि काकांनी ज्या खांबांचं, घड्याळाचं वर्णन केलं ती इमारत १८५४ची. बुवा गेल्यावरही माणसं पांगली नाहीत. सात विश्वस्त नेमले, जवस पिकवला, त्याच्या धाग्याचं कापड विणलं, केरसुण्यांसाठी लागणाऱ्या ज्वारीचं पीक घेतलं, विटा भाजल्या. ते शेवटी मोडलं ते पैशापायी. एका विश्वस्ताने रेल्वे आणि बँकेत पैसा गुंतवला, १८५७ची मंदी आली, कर्ज वाढलं आणि १८६१च्या सुमारास जमीन-जुमला वाटून घेतला. माझं कौतुक जॅन्सनसाठी नाही, ज्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नाही त्या सुतार-गवंड्यांसाठी आणि बायकांसाठी आहे.

बायकांचं मुद्दाम लिहिते. ओलोफ क्रान्स हा वसाहतीत १८५०मध्ये बारा वर्षांचा असताना आला. मोठेपणी जवळच्या गॅल्व्हा गावात घरं रंगवणारा रंगारी झाला, आणि १८९६ला गावाची पन्नाशी झाली तेव्हापासून लहानपणी पाहिलेलं आठवून चित्रं काढू लागला. ती तिथल्या संग्रहालयात आहेत. एका चित्रात बायका दोरीच्या रेषेवर ओळीने उभ्या राहून मका पेरताहेत. दुसऱ्यात बायकाच दोर ओढून वजन उचलताहेत आणि पुलासाठी जमिनीत खांब ठोकताहेत. या दोन चित्रांपुढे मी प्रत्येक वेळी खूप वेळ थांबते. त्या इमारतींच्या पायात कोणाची मेहनत आहे ते डोळ्यांना दिसतं.

मेधा

---

प्रेषक: सुधाकरकाका (पिओरिया)

चि. मेधाने लिहिलं त्याला एकच जोड. इमारती टिकल्या कशा, हेही मुलांना सांगा. १८५४ला रेल्वे आली ती गॅल्व्हाला, बिशप हिलमधून गेली नाही. वसाहत मोडल्यावर व्यापार तिकडे गेला. गाव लहान राहिलं, जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे निमित्त नव्हतं. पुढे १९४६मध्ये चर्च राज्य सरकारकडे आलं आणि १९६२पासून गावातल्या लोकांच्या संस्थेने बाकीच्या इमारती हाती घ्यायला सुरुवात केली. शंभर-सव्वाशे लोकांच्या गावाला इतकी छपरं सांभाळणं सोपं नाही. दुकान उघडं असेल तिथे काहीतरी जरूर विकत घ्या, देणगीच्या डब्यात पैसे टाका.

बियॉर्कलंड हॉटेलपाशीही थांबू. पिओरिया आणि रॉक आयलंडच्या मधल्या घोडागाड्यांचा तो मुक्काम होता. आपण पिओरियाकर आणि मोलीनकर त्याच वाटेने तिथे भेटणार आहोत.

सुधाकरकाका

---

प्रेषक: अनिरुद्ध (नेपरव्हिल)

काका, पटलं. आम्ही चौघे येतो. गाडीत काय काय ठेवायचं?

अनिरुद्ध

---

प्रेषक: मेधा (मोलीन)

अनिरुद्ध आणि सगळेच, वाचून घ्या.

टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. प्रत्येकामागे एक जाड पांघरूण, फावडं, काच धुण्याचं थंडीत न गोठणारं पाणी, फोनचा चार्जर. महामार्ग सोडल्यावर दोन्ही बाजूंना मोकळी शेतं आहेत. आभाळ निरभ्र असलं तरी वारा जमिनीवरचा बर्फ उडवून रस्त्यावर आणतो, आणि उंचवट्यामागे अचानक बर्फाचा पट्टा लागतो. तिथे ब्रेक दाबायचा नाही, वेग आधीच उतरवायचा. काळा बर्फ, म्हणजे रस्त्यावर दिसून न येणारा पातळ थर, पुलांवर आधी धरतो. गाड्या एकामागोमाग चिकटवू नका.

आदल्या दिवशी मी हवामान बघते आणि चर्च, संग्रहालय उघडं आहे ना हे फोन करून विचारते. बर्फाचा इशारा असेल तर शुक्रवारी रात्री नऊपर्यंत याच यादीवर कळवीन आणि सहल पुढच्या शनिवारी.

जेवणाची सोय आपलीच. पिओरियाकडे पोळ्या आणि बटाट्याची भाजी, ब्लूमिंग्टनकडे मसालेभात, मी चहा आणि तिळाच्या वड्या आणते. प्राची, तुझ्याकडे मोठा थर्मास आहे ना? तो घेऊन ये. सकाळी साडेदहा, केंब्रिजच्या न्यायालयासमोर.

मेधा