ऊस सोडून तूर घ्या म्हणणारी डाळ मिल काढली तर चालंल का? धंद्यानं पाण्याचा प्रश्न सुटतो का?

औसेकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात आहे ते मांडतो, पटलं नाही तर तोंडावर सांगा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. आई लातुरात, रोज फोनवर घागरींचा हिशेब सांगायची, आणि इकडं ऑफिसातले लोक टीव्ही बघून विचारायचे की तुमच्याकडं असं कसं काय झालं. मला उत्तर येत नव्हतं. कारण त्याच वर्षी आमच्याच शिवारात बोअरच्या पाण्यावर ऊस उभा होता, आमच्या भावकीचा सुद्धा.

आपल्याकडं वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही धड पडला तर. उसाला हंगामभर दोन हजाराच्या पुढं पाणी लागतंय. राहिलेलं सगळं जमिनीच्या पोटातून उपसायचं. पाणी वाचवा म्हणून भाषण दिल्यानं कुणी ऊस मोडत नाही, पण तुरीला उसासारखा भरवशाचा पैसा मिळाला तर मोडतील असं माझं म्हणणं. म्हणून मी आणि दोन मित्र मिळून छोटी डाळ मिल काढायलोत. जो शेतकरी उसाचं क्षेत्र कमी करून तूर-हरभरा घेईल त्याला हमीभावाच्या वर क्विंटलमागं ठरलेली जास्तीची रक्कम द्यायची आणि नफ्यातला ठरलेला हिस्सा गावातल्या विहिरींच्या पुनर्भरणाला. कुणाची देणगी घ्यायची नाही, डाळ विकूनच सगळं करायचं.

असं होतंय, उदाहरणं आहेत. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ ला ११ खाटांवर सुरू झालं, ज्याला परवडतंय त्याच्याकडून पैसे घेऊन गरिबाचा मोतीबिंदू फुकट काढायचा, आणि १९९२ पासून तर डोळ्यात बसवायचं भिंग पण त्यांनी स्वतःच बनवायला घेतलं म्हणून ते स्वस्त झालं. देणगीदार थकला की संस्था थांबते, सरकारी योजना मार्चएंडला गप होते, धंदा मात्र रोज सकाळी शटर उघडतो. तुम्हाला काय वाटतं?

बालाघाटी
दादा तळमळ कळली पण मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगतो. मी धारूर तालुक्यातला. आई-वडील पंचवीस वर्षं कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला गेले, माझी चौथीपर्यंतची शाळा फडावरच झाली असं समजा.

अरविंदचं उदाहरण इथं लागू होत नाही. एका म्हातारीचा मोतीबिंदू काढला म्हणून शेजारणीची नजर कमी होत नाही. पाण्याचं तसं नाही ना. एकाच्या बोअरला पाणी लागलं की शेजारच्याची विहीर आटते. तू एकाला चार पैसे जास्त दिले, त्यानं ऊस मोडला, त्याचं वाचलेलं पाणी बांधाच्या पलीकडचा माणूस आणखी एकरभर उसाला ओढणार. तुझी मिल फायद्यात येईल, पाकिटावर पाणी वाचवणारी डाळ असं छापशील, पण जमिनीखालचं पाणी होतं तिथंच.

दुसरं म्हणजे चांगला हेतू. साखर कारखाने काय वाईट हेतूनं निघाले होते का? १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला तो शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटावा म्हणूनच ना. सुटला पण, खोटं कशाला बोलू. पण तिथं सभासद कोण झाला? ज्याच्याकडं ऊस होता तो. ऊस तोडणारा सभासद नव्हता, त्याला मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, आणि पालाची खोपी. २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. खाडा पडला की दंड, म्हणून पाळीच नको. जो धंदा शेतकऱ्याच्या भल्यासाठी निघाला त्याच्याच पोटात हे वाढलं. म्हणून कुणी हेतू सांगायला लागलं की मी आधी बघतो की त्यात कोण धरलेलं नाही.

जमाखर्च
दोघांचं वाचलं. मी संभाजीनगरला हिशेबाचं काम करतो, कंपन्यांचे ताळेबंद रोज डोळ्याखालून जातात, तर एक गोष्ट मधे घालतो, कारण लोक सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च, आणि हे एकच समजतात. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं काही एक असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. ते कमावल्यानंतरचं झालं. उरलेले ९८ टक्के कसे कमावले ते त्या कलमात कुणी विचारत नाही. औसेकर म्हणतात ते वेगळं आहे, कमावण्याच्या पद्धतीतच सुधारणा. मला ते पटतं, शंभर टक्के.

पण औसेकर, तुमच्या गणितात एक भोक आहे. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण नावाच्या संस्थेनं डॅनोन कंपनीबरोबर २००६ ला कुपोषित पोरांसाठी ताकद देणारं दही काढलं, ५ टकाला कप, गावातल्या बायका दारोदार विकायच्या. २००८ ला दुधाचे भाव भडकले, कपाची किंमत ८ टका केली, तर गावातली विक्री धाडकन खाली आली आणि विकणाऱ्या बायका पण सोडून गेल्या. हेतू तोच होता, माणसं तीच होती. तुरीचा भाव एका वर्षात कुठल्या कुठं जातो. १०० किलो तुरीतून डाळ निघते सत्तर-पंच्याहत्तर किलो, बाकी चुनी आणि भुसा. त्यातून वरची रक्कम कुठून देणार? पहिल्या दोन वर्षांचं भांडवल बाजूला काढून ठेवलंय का?

तेरणाकाठ
पोरांनो मी शेतकरी, चार एकर ऊस अन् चार एकर कोरडवाहू. ऊस आम्ही का लावतो ते तरी कुणी विचारा. ऊस वादळानं पडला तरी कारखाना नेतो, डुकरानं खाल्लं तरी सगळं जात नाही, आणि एफआरपी म्हंजी सरकारनं ठरवलेला उसाचा कमीत कमी दर २०२५-२६ ला साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० होता, १४ दिवसात पैसे द्यायचा कायदा आहे, उशीर होतो ते वेगळं पण बुडत नाहीत सहसा. आता तुरीचं बघा. मर लागली तर उभं पीक वाळतं. फुलात ढगाळ आलं की अळी. त्यातून निघाली तर हमीभाव २०२५-२६ ला कागदावर ८०००, त्याच्या आदल्या साली ७५५० होता तेव्हा मी त्याच्या खालीच विकली कारण पोरीचं लग्न होतं आणि खरेदी केंद्राचा नंबर लागंपर्यंत थांबता येत नव्हतं. वरून २०२१ ला सरकारनं बाहेरच्या तुरीला दार मोकळं केलं. मुंबईच्या बंदरात बोट लागली की लातूरच्या सौद्यात भाव पडतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरगं सांगतंय.

तर भाऊ तुझ्या मिलनं माझी भीती घेतली पाहिजे, नुसता भाव देऊन काय उपयोग.

भूमची सून
बालाघाटी भाऊ तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. पण धंदा म्हणजे वाईटच असं नका म्हणू, माझा अनुभव सांगते. भूमकडं आमच्यात घरोघर खवा. पाच लिटरच्या आसपास दूध आटवायचं तेव्हा किलोभर हाती येतो, म्हणजे सकाळपासून भट्टीपुढं बसून झारा फिरवायचा, धुरानं डोळे लाल, आणि सरपणाला बाभळी तुटून तुटून माळ मोकळा झाला. कुणी झाडं लावा म्हणून सांगायला आलं की आम्ही हो म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी लाकूड आणायचो, काय करणार, चूल तर पेटली पाहिजे.

एक कंपनी आली होती, नाव घेत नाही. महिला सक्षमीकरण, आमचे फोटो पाकिटावर, सगळं गोड. पैसे मात्र दीड-दोन महिन्यांनी आणि भाव त्यांचा. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. एका सणाला माझ्या घरात पोरांना कपडे नव्हते आणि माझा फोटो त्या पाकिटावर हसत होता. तिथून आम्ही चौदा जणी बाजूला झालो, बचत गटाचं कर्ज काढलं, कढईत आपोआप फिरणारं मशीन घेतलं, लाकूड बंद करून गॅसवर आलो. गॅसचा खर्च जास्त, पण खवा जळत नाही म्हणून भाव बरा मिळतो आणि चार तास वाचतात. बाभळी वाचल्या त्या त्यातून, आम्ही पर्यावरण म्हणून काही केलं नव्हतं. दर आम्ही ठरवतो, वही आमच्याकडं असते, आठवड्याला बसतो. औसेकर दादा, तुमच्या मिलची वही कुणाकडं राहणार तेवढं सांगा.

औसेकर
ताई, प्रश्न बरोबर आहे आणि खरं सांगायचं तर मी वही स्वतःकडंच धरली होती. मला वाटत होतं आपला हेतू साफ आहे म्हणजे बास. पाकिटावरच्या फोटोचं वाचून काल झोप आली नाही.

बालाघाटी, तुझं पाण्याचं म्हणणं मी खोडू शकत नाही. एकेका शेतकऱ्याशी करार केला तर तू म्हणतोस तसंच होईल. मग करार एका ओढ्याच्या दोन्ही काठच्या सगळ्या खातेदारांशी मिळून केला तर? निम्म्याहून जास्त लोक नाही म्हणाले तर त्या गावात जायचंच नाही. हिवरे बाजारनं ऊस नाही आणि शेतीला बोअर नाही असं ठरवलंच ना.

बालाघाटी
ते ग्रामसभेनं ठरवलं दादा, मिलनं नाही. हाच तर माझा मुद्दा आहे. नियम गावानं करावा, पाळला नाही तर विचारायचा हक्क गावाला असावा. मिल त्या नियमाच्या मागं चालली तर मी विरोध करणार नाही. पुढं चालली तर करणार. आणि मिलमध्ये पोतं उचलणारा, तूर काढायला येणारा मजूर, ह्यांचं नाव पहिल्या कागदात आलं पाहिजे. नंतर घालू म्हणलं की ते कधीच होत नाही.

जमाखर्च
मग शेतकरी उत्पादक कंपनी करा, १० उत्पादक असले तरी नोंदणी होते. मजुराला तिथं सभासद करता येतं का ते तपासावं लागेल, पण नफ्यातला हिस्सा मजुरांना आणि पुनर्भरणाला किती ते नियमावलीतच लिहून टाका. उद्या तुमच्या जागी दुसरा कुणी बसला तरी सभा घेतल्याशिवाय त्याला ते खोडता येऊ नये. मसुदा मी लिहून देतो, फी नको.

तेरणाकाठ
मसुदा करा, पण एक विचारतो. आडतीवर तूर नेली की पोत्यात हात घालून हवा म्हंजी ओलावा जास्त हाय म्हणतेत अन् किलो-दोन किलो कापतेत, वरून मातेऱ्याचं वेगळं. मिलमधी हवा मोजायचं मशीन कुणाच्या हातात राहणार?

औसेकर
अण्णा, मशीन गेटवर ठेवू, शेतकऱ्यानं स्वतः दाणे टाकून आकडा बघायचा आणि तोच पावतीवर.

तेरणाकाठ
मग जानेवारीत ये. दोन एकरातला ऊस ह्या गाळपाला गेला की तोडलेल्या बुडख्यांचा खोडवा ठेवत नाही, जूनला तिथं तूर टाकतो. बाकी दोन एकर राहूदे, ते तुझी पहिली पट्टी बघून ठरवू. ओढ्याकाठचे अकरा खातेदार आहेत आमचे, त्यातले चौघं माझ्याशी बोलत नाहीत, त्यांच्याकडं तुला एकट्यालाच जावं लागंल.