बाबा अंथरुणाला खिळलेत, घरी येऊन बघणारं सरकारी कोण असतंय काय? (खानापूर तालुका, बेळगाव)

खानापूरकर_पुण्यात
नमस्कार मंडळी. वडील ७६ वर्षांचे, मागच्या गणपतीत लकवा मारला, उजवी बाजू पूर्ण गेली, बोललेलं अर्धं कळतं अर्धं नाही. दवाखान्यातनं घरी सोडलं तेव्हा कागदावर लिहून दिलं होम केअर. आता ती कोण करणार ते काय त्यात लिहिलेलं नाही. घरात आई एकटी, तिचं वय ६९, तिचेच गुडघे गेलेत आणि तीच कूस बदलणार, तीच डायपर बघणार, तीच भरवणार. मी पुण्यात कंपनीत, बहीण गोव्यात दिलेली. बेळगावात एका एजन्सीला फोन केला तर दिवसपाळीच्या माणसाला महिन्याला १८ हजार सांगितले आणि वर खेड्यात माणूस यायला तयार नाही म्हणाले, संध्याकाळची बस नाही ना आमच्याकडं. बाबांना संध्या सुरक्षाचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे, महिन्याला १२०० येतात ते डायपरलाच पुरत नाहीत. बाहेरदेशात सरकारच माणूस पाठवतंय म्हणतात, आपल्याकडं तसलं कायतरी आहे का नुसती पेन्शनच? माहिती असलेल्यांनी प्लीज सांगा.

आशा_हुक्केरी
दादा स्पष्टच सांगते, रोज येऊन आंघोळ घालणारं, भरवणारं सरकारी माणूस आपल्याकडं मिळत नाही, कोण मिळवून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. जे मिळतंय ते वेगळं आहे. तुमच्या गावच्या आशाला गाठा आणि पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बाबांचं नाव अंथरुणावरचा पेशंट म्हणून लिहून घ्यायला लावा, नुसतं तोंडी सांगून ठेवू नका. केंद्राचा वृद्धांसाठीचा आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, त्यात अंथरुणावरच्यांना घरी जाऊन बघायचं असं आहेच. शिवाय आपल्या कर्नाटकात गृह आरोग्य योजना आहे, कोलारला २०२४ ला चालू झालं आणि नंतर बाकीच्या जिल्ह्यात आलं, त्यात घरी जाऊन बीपी शुगर बघतात, गोळ्या देतात. पण आमची पण बाजू बघा, एका आशाच्या मागं हजारभर माणसं, त्यात बाळंतिणी, लसीकरण, सर्वे, मोबाईलवर भरायचं ते वेगळंच. आठवड्याला येईल असं धरून बसू नका. येईल तेव्हा तिच्याकडनं काम करून घ्या, म्हणजे काय तर पाठ, माकडहाड आणि टाचा उजेडात बघायला सांगा. तिथं लाल झालेलं बोटानं दाबल्यावर पांढरं होत नसेल तर जखमेची सुरवात आहे, त्याच दिवशी दवाखान्यात कळवायचं.

आणि आईंना सांगा उचलायचं नाही. जुनी जाड चादर चौपदरी करून खांद्यापासनं मांडीपर्यंत अंगाखाली कायमची घालून ठेवायची, कूस बदलताना माणसाला धरायचं नाही, चादरीची पलीकडची कड धरून आपल्याकडं ओढायची, माणूस आपोआप वळतो, मग पाठीमागं उशी लावायची. दोन-दोन तासांनी. दुखऱ्या हाताला धरून कधीच ओढू नका, लकव्यात खांदा निखळतोय.

निपाणीचा_अण्णा
आशाताईंनी बरोबर सांगितलं. माझं एकच म्हणणं, तुम्ही म्हातारा माणूस म्हणून फिरू नका, दिव्यांग म्हणून फिरा. म्हाताऱ्यांच्या नावावर पेन्शन सोडून हातात फार काय पडत नाही, दिव्यांगाचा कागद असला की चार दारं उघडतात. लकव्याला सहा महिने झाले की सर्टिफिकेट काढता येतं, गणपतीपासनं तुमचे झालेच असतील. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगाच्या ओळखपत्राचा, अर्ज भरा आणि सिव्हिलला तपासणीला न्या. ४० टक्क्यांच्या वर पाहिजे, पूर्ण एक बाजू गेलेल्याला अडचण येऊ नये. न्यायचं म्हणजे वैताग आहे खरा, आम्ही मामांना ओम्नीत झोपवून नेलेलं, आत विनवणी केल्यावर डॉक्टर खाली येऊन गाडीतच बघून गेले.
७५ टक्क्यांच्या वर निघालं तर दिव्यांग पेन्शन संध्या सुरक्षापेक्षा जास्त बसते, दोन्ही मिळत नाहीत, एक सोडावी लागते, ते नाडकचेरीत (महसूल खात्याच्या ऑफिसात) आधी नीट विचारून मगच जुनी बंद करा नाहीतर मधले महिने कोरडे जातील. व्हीलचेअर वगैरे दिव्यांगांना एडिप योजनेतनं मिळते, बीपीएल म्हाताऱ्यांना वयोश्री आहे. आणि पंचायतीच्या पैशातला ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो, तो कुठं जातो विचारायला कोण जात नाही म्हणून त्याचं काय होतंय ते देवाला माहीत.

सीमावासी_८६५
सगळे अर्ज कन्नडमधनं, माझ्या आईसारख्या मराठी शाळेत शिकलेल्या बाईनं ते भरायचे कसे हे कोण सांगत नाही. त्यापेक्षा महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली ना, तिकडनं बघा की, कोल्हापूर काय लांब आहे.

निपाणीचा_अण्णा
अहो ती ऑपरेशन, अॅडमिटची योजना, घरी पडलेल्या माणसाची कूस बदलायला त्यातनं कोण येणार? भाषेचं तुमचं खरं आहे, पण अर्ज पंचायतीतल्या पोरानं भरून दिला तर चालतंय, आंदोलन वेगळं आणि बापाचा कागद वेगळा.

सीमावासी_८६५
त्या पोरानं काय भरलं ते आईला वाचता येत नाही म्हणून तर बोंब आहे. पण ठीक, ज्याच्या घरात आहे त्याचं आधी होऊ दे.

अथणी_रेखा
आमच्या सासऱ्यांना पार्किन्सन आहे, मीच बघते सगळं, नोकरी सोडली त्यासाठी. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कलम २४ मध्ये जास्त मदतीची गरज असलेल्यांसाठी केअरगिव्हर अलाउन्स लिहिलेलाच आहे. आपल्या राज्यानं २०२४-२५ च्या बजेटमध्ये सांभाळणाऱ्याला महिना १००० जाहीर केले, पण चारच आजारांना, सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस. लकवा त्यात नाही. का नाही ते मला अजून पटलेलं नाही, लकवेवाल्याला काय कमी बघावं लागतंय काय. आणि केरळात बघा, २००८ पासून धोरण करून पंचायतीच्या पैशातनं नर्स घरोघरी जाऊन जखमा बांधते, नळी बदलते. आमच्याकडं बाईनं फुकट करायचं आणि वर लोकांनी म्हणायचं सून लई गुणाची हो.
दादा, राज्य सरकार घरातल्या बाईला महिन्याला देतं ते गृहलक्ष्मीचे २००० आईच्या नावावर येत असतील तर ते आणि पेन्शन मिळून गल्लीतलीच एखादी बाई सकाळचे दोन तास ठरवा, आंघोळ आणि चादर बदलण्यापुरती. एजन्सीचा नाद सोडा.

खानापूरकर_पुण्यात
सगळ्यांचे आभार. गृहलक्ष्मी येते आईला. शेजारच्या काकू तयार होतील बहुतेक, पैसे घ्यायला लाजतील एवढंच. अण्णा, यूडीआयडीचं गावात कुणाला धरायचं? मला दोनच दिवस सुट्टी आहे.

निपाणीचा_अण्णा
प्रत्येक पंचायतीला एक व्हीआरडब्ल्यू (दिव्यांगांसाठीचा गावचा कार्यकर्ता) असतो, तो स्वतः दिव्यांगच असतोय, त्याचं कामच हे. सापडला नाही तर पीडीओला (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला) विचारा, तिथंही नसेल तर तालुका पंचायतीत एमआरडब्ल्यू, म्हणजे तालुक्याचा तसलाच कार्यकर्ता. आधार, रेशन कार्ड, फोटो आणि दवाखान्याचा डिस्चार्ज कागद, सगळ्याच्या झेरॉक्स जास्तीच्या न्या. आणि सुट्टी सोमवार-मंगळवार घ्या, शनिवार-रविवार येऊन काय होणार नाही.

आशा_हुक्केरी
काकूंना पैसे द्याच हो, लाजल्या तरी. फुकट आलेली बाई महिनाभरच येते.