पिनोशेच्या चिलीतलं चर्च : धाडस की सुरक्षित विरोध?

कागदी घोडे

हुकूमशाही आणि चर्च म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकतर लष्करशहाला आशीर्वाद देणारा बिशप येतो, नाहीतर गोळी खाऊन हुतात्मा झालेला. चिलीतलं काम या दोन्ही साच्यांत बसत नाही, म्हणून हा धागा.

११ सप्टेंबर १९७३ ला जनरल पिनोशेने निवडून आलेले डावे राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचं सरकार उलथवलं. पुढच्याच महिन्यात राजधानी सांतियागोत कॅथलिक, लुथरन, मेथडिस्ट आणि ज्यू धर्मगुरूंनी मिळून एक समिती काढली. पकडून नेलेल्यांच्या घरच्यांना वकील मिळवून देणं, नोकरीवरून काढलेल्यांना हात देणं, असं तिचं काम. १९७५ च्या अखेरीस पिनोशेने सांतियागोचे कॅथलिक आर्चबिशप कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेझ यांना पत्र पाठवून ती बंद करायला लावली. कार्डिनलनी बंद केली, आणि १ जानेवारी १९७६ पासून तेच काम 'व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद' या नावाने, पण आता थेट आपल्या धर्मप्रांताचं खातं म्हणून सुरू केलं. कचेरी कुठे, तर शहराच्या मुख्य चौकात, कॅथीड्रलला लागून! समितीला टाळं ठोकणं सोपं होतं. धर्मप्रांताच्या खात्याला टाळं म्हणजे चर्चलाच टाळं, आणि ऊठसूट ख्रिस्ती संस्कृतीच्या गप्पा मारणाऱ्या राजवटीला ते झेपणारं नव्हतं.

आत काय चालायचं? नवऱ्याला किंवा मुलाला उचलून नेलंय म्हणून बाई यायची. तिची हकीकत बारीकसारीक तपशिलांसकट उतरवून घेतली जायची: कुणाला, कधी, कुठून नेलं, कुणी पाहिलं. मग वकील हेबियस कॉर्पसचा, म्हणजे 'पकडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा' असा अर्ज टाकायचे. कोर्ट गृहखात्याला विचारायचं, 'असा कुणी आमच्या ताब्यात नाही' असं उत्तर यायचं, की अर्ज निकालात. त्या उत्तराचा कागदही फायलीत जायचा. हे वर्षानुवर्षं.

माझं मत असं, की या लोकांचं मोठं काम प्रवचनांत नाही, या फायलींत आहे. आणि मदतीला आलेल्याचा धर्म तिथे आड येत नव्हता. येणारे बरेचसे डावे, कित्येक तर कम्युनिस्ट. नुसतं आपल्याच भाविकांसाठी भांडणाऱ्या गटाला मी मानवी हक्कांचा रक्षक म्हणणार नाही, ती जमातीची वकिली झाली.

उलटतपासणी

लेख चांगला, पण कार्डिनलसाहेबांना फारच स्वस्तात सोडलंत. बंडाला जेमतेम आठवडा झाला होता. १८ सप्टेंबरला राष्ट्रीय दिनाची प्रार्थना याच कार्डिनलनी घेतली आणि समोर अख्खा जुंटा, म्हणजे लष्करी सत्ताधाऱ्यांचं मंडळ, बसला होता. नॅशनल स्टेडियममध्ये तेव्हा माणसं कोंडलेली होती.

धाडस मोजायचं तर पदरचं काय जाणार होतं ते बघा. त्या पहिल्या समितीत लुथरन बिशप हेल्मुट फ्रेंझ होते, मूळचे जर्मन. १९७५ मध्ये ते परदेशी असताना सरकारने त्यांना परत यायलाच बंदी केली. विषय संपला. पाठीशी ना व्हॅटिकन, ना देशातला बहुसंख्य समाज. कार्डिनलना असं हद्दपार करायची छाती कुणाची होती?

अर्जांचं म्हणाल तर हजारो गेले आणि मंजूर झाले ते बोटांवर मोजण्याइतके. फेटाळणार हे ठाऊक असून त्याच कोर्टाच्या पायऱ्या चढत राहायचं, म्हणजे 'आमच्याकडे न्यायालयं चालू आहेत' असं जगाला सांगायला पिनोशेला आयती सोय.

जास्वंद

वाचतेय. एक भर घालते. धाग्यात बायका फक्त रडत येताना दिसतात. बेपत्ता माणसांच्या आया-बायकांनी कापडाच्या तुकड्यांची चित्रं शिवली, आर्पियेरा म्हणतात त्यांना. व्हिकारियाने ती विकत घेऊन परदेशी पाठवली. गोणपाटाच्या कापडावर ठिगळांचे डोंगर, घरं, हातात फोटो धरलेल्या बायका. घरात चार पैसे आले आणि वर्तमानपत्रांत जे छापून येत नव्हतं ते देशाबाहेर गेलं. छप्पर चर्चचं असेल, पण काम या बायकांचं.

कागदी घोडे

@उलटतपासणी, त्या १८ सप्टेंबरच्या प्रार्थनेचा बचाव मी करत नाही. कोर्टाचा मुद्दा मात्र अजिबात पटला नाही. लोन्केनचं उदाहरण घ्या.

नोव्हेंबर १९७८ मध्ये चर्चच्या कानावर आलं की सांतियागोजवळच्या लोन्केन गावी चुन्याच्या बंद पडलेल्या भट्ट्यांत प्रेतं आहेत. व्हिकारियाने बोभाटा केला नाही. साहाय्यक बिशप एन्रिके अल्वेआर, वकील आणि पत्रकार असे सगळे मिळून आधी स्वतः जाऊन बघून आले, हाडं सापडल्यावर मग थेट सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षांकडे गेले. निघाले १५ जणांचे अवशेष. ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्ला दे माइपो इथून पोलिसांनी नेलेली माणसं, बहुतेक शेतमजूर. त्यांत एक बाप आणि त्याचे चार मुलगे.

पोलिस कप्तान म्हणाला, रात्री अनोळखी हल्लेखोरांशी चकमक झाली, तीत हे मेले. ही गोष्ट मुळातच विश्वास ठेवण्याजोगी नाही, असं न्यायाधीशांनी नोंदवलं. (तेवढा कणा त्या कोर्टांत एखाद्यालाच होता, हेही खरं.) मग खटला लष्करी कोर्टात गेला आणि पिनोशेच्या १९७८ च्या माफी कायद्याखाली पोलिस सुटले. १९७९ मध्ये अंत्यविधीसाठी घरची माणसं सांतियागोच्या एका चर्चमध्ये ताटकळत थांबली होती आणि तिकडे अवशेष परस्पर इस्ला दे माइपोच्या दफनभूमीतल्या सामायिक खड्ड्यात टाकून दिले गेले.

कोर्टाने न्याय दिला नाहीच. पण 'बेपत्ता वगैरे कुणी नाही, ही सगळी डाव्यांची बोंब' असं छातीठोकपणे म्हणणं लोन्केननंतर अवघड झालं. अर्ज न करता घरी बसले असते तर हे कोर्टाच्या कागदावर आलं असतं का?

साधासुधा

तुम्ही सगळे 'ख्रिस्ती गट' असं एका दमात म्हणताय. डिसेंबर १९७४ मध्ये चिलीतल्या कित्येक इव्हँजेलिकल आणि पेंटेकोस्टल (म्हणजे प्रोटेस्टंट पंथांच्या) पुढाऱ्यांनी पिनोशेला जाहीर पाठिंबा दिला होता. १९७५ पासून त्यांची राष्ट्रीय दिनाची प्रार्थना वेगळी होऊ लागली, पिनोशेच्या हजेरीत. तेही बायबलच वाचत होते. आणि ते सगळे विकलेले होते असं मला वाटत नाही. आयेंदेंच्या काळातली महागाई, दुकानांपुढच्या रांगा, यादवीची भीती, हे सोसलेल्या माणसाला लष्कर तारणहार वाटू शकतं.

माझा प्रश्न वेगळाच आहे. एकाच मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) बेपत्ता मुलाची आई येते आणि अधिकाऱ्याची बायकोही येते. चर्चने बाजू घेतली की दुसरी निघून जाणार. मग तिला, आणि तिच्यामार्फत त्या अधिकाऱ्याला, कोण चार शब्द सांगणार?

जास्वंद

@साधासुधा, सांगितलंच नाही तर ती बसून तरी काय उपयोग? शेजारच्या अर्जेंटिनात हाच प्रयोग झाला. वरिष्ठ बिशपांपैकी बहुतेकांनी जाहीर बोलणं टाळलं, सैन्याशी संबंध टिकवले. मिस्सांना अधिकारी येतच राहिले. त्याने छळछावण्या थांबल्या नाहीत. उलट क्रिस्तियान फॉन व्हेर्निश नावाचा पोलिसांचा पाद्री त्या छळात सामील होता, २००७ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

@उलटतपासणी, तुमच्याही मुद्द्याला हेच उत्तर. तेच व्हॅटिकन, तोच बहुसंख्य कॅथलिक समाज, तेच संरक्षण अर्जेंटिनातल्या बिशपांनाही होतं. ला रिओखाचे बिशप आंखेलेली बोलत राहिले, १९७६ मध्ये त्यांना मारलं गेलं आणि तो 'रस्ता अपघात' म्हणून खपवला गेला. म्हणजे बिशपची टोपी काही चिलखत नव्हे.

उलटतपासणी

जास्वंद, आंखेलेलींचं उदाहरण जोरदार आहे. पण त्यातून निघतं काय, तर सगळं त्या खुर्चीत कोण बसलंय यावर. चिलीतही १९८३ मध्ये सिल्वा निवृत्त झाले आणि नंतरचे फ्रेस्नो बरेच सबुरीने घेणारे निघाले. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले आणि राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाच्या सज्जात पिनोशेच्या शेजारी उभे राहिले. तो फोटो सरकारला किती कामाला आला असेल!

आणि ज्या फायलींचं एवढं कौतुक चाललंय, त्या सांभाळणारा होसे मानुएल पारादा. कम्युनिस्ट, व्हिकारियाचा पगारी नोकर. मार्च १९८५ मध्ये शाळेच्या दारातून त्याला आणि एका शिक्षकाला उचललं. दुसऱ्या दिवशी आणखी एका साथीदारासह तिघांची प्रेतं सापडली, गळे चिरलेली. पोलिसांचंच कृत्य निघालं, त्यापायी पोलिसप्रमुख मेंदोसाला जुंटातून राजीनामा द्यावा लागला. यात कार्डिनलच्या केसाला धक्का नाही. मग इतिहासात नाव मात्र 'चर्चने विरोध केला' असं का?

कागदी घोडे

पारादाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा, माझी ना नाही. पण कम्युनिस्टाला आपल्या सगळ्यात नाजूक खोलीची किल्ली देणारं चर्च किती ठिकाणी सापडेल? मी म्हणतोय ते हेच. आणि पाद्री सुखरूप होते म्हणाल तर आंद्रे जार्लान बघा. सप्टेंबर १९८४, ला व्हिक्तोरिया वस्ती, आपल्या खोलीत बायबल वाचत बसलेला फ्रेंच पाद्री. पोलिसांची गोळी फळीच्या भिंतीतून आत आली.

जास्वंद

फायलींवरून आठवलं. व्हिकारियाच्या दवाखान्यात कुणाकुणावर उपचार झाले ती कार्डं लष्करी फिर्यादी मागत होता. बिशप सर्जिओ व्हालेच यांनी ती दिली नाहीत. दिली असती तर घरोघरी धाडी पडल्या असत्या.

उलटतपासणी

व्हालेच यांना पूर्ण मार्क. फक्त एवढं लक्षात घ्या, की १९८६ मध्ये एका जखमीवर उपचार केल्याच्या प्रकरणात व्हिकारियाचा डॉक्टर आणि वकील आत गेले. बिशप कुणीही गेला नाही.

कागदी घोडे

बिशप बाहेर होता म्हणून कार्डं सुरक्षित राहिली ना! तेच कागद वकिलांच्या घरी असते तर पहिल्याच धाडीत गेले असते. १९९० मध्ये लोकशाही आल्यावर राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणारा रेटिग आयोग बसला, १९९१ च्या अहवालात २,२७९ मृत आणि बेपत्ता नोंदले गेले, ते पुष्कळसं या फायलींच्या आधारावर. बादवे, ब्राझीलवर वेगळा धागा काढतो. तिथे एक कॅथलिक कार्डिनल आणि एक प्रेस्बिटेरियन पाळक यांनी मिळून लष्करी कोर्टाचीच दप्तरं गुपचूप झेरॉक्स करून घेतली होती, आणि त्यात वकिलांना कोर्टाची रीतसर परवानगी होती. @उलटतपासणी, तिकडे या.