फ्रिज बिघडला? मेकॅनिकआधी घरी काय करून पाहिलंत?

मे महिना आला की घरोघरी फ्रिजचं रडगाणं सुरू होतं. दूध नासतं, कोथिंबीर काळी पडते, मेकॅनिक 'उद्या येतो' म्हणतो आणि आला की दार उघडायच्या आत 'गॅस गेलाय' सांगून मोकळा होतो. फ्रिजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळीत फिरत असतो. गेलाच असेल तर नळी कुठेतरी फुटली आहे, आणि ती गळती न काढता भरलेला गॅसही जाणारच. पण बऱ्याचदा गोष्ट तिथवर जातच नाही. दुखणं पाण्याचं, हवेचं, रबराचं नाहीतर विजेचं असतं. तुमच्याकडे नेमकं कशाने सुटलं ते लिहा. अट एकच, प्लग काढल्याशिवाय आत हात घातलेला नसावा.

डोंबिवली : आमचा दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपला आपण वितळवणारा. भाजीच्या ट्रेखाली रोज सकाळी पाणी. आई फडकं अंथरून ठेवायची आणि दिवसातून दोनदा पिळायची. फ्रीजरच्या तळाशी बर्फाची पाटी धरलेली दिसली तेव्हा कळलं की पाणी खाली जायची वाट बंद झाली आहे. सामान शेजारच्या वहिनींकडे पोचवलं, फ्रिज बंद करून दारं उघडी टाकली आणि समोर टेबलफॅन लावला. गार प्लॅस्टिक ओढलं की तडकतं, म्हणून बर्फ पूर्ण सुटल्यावरच फ्रीजरमधलं मागचं पॅनेल काढलं. कॉइलच्या, म्हणजे गारवा देणाऱ्या नळ्यांच्या, खाली एक पन्हळ असते आणि तिच्यात करंगळीही जाणार नाही एवढं भोक. त्यात काळपट, बुळबुळीत गाळ. औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली, सुई काढून टाकली आणि कोमट पाणी जोरात मारत राहिलो. आधी सगळं पाणी परत वर आलं. मग एकदम गुळगुळ आवाज झाला आणि मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये धार पडली. आईने फडकं धुऊन वाळत घातलं.

(धागाकर्ता : एक भर घालतो. पुन्हा आठवड्याभरात संपूर्ण कॉइल बर्फाने भरली, तर दोष भोकाचा नसून बर्फ वितळवणाऱ्या डीफ्रॉस्ट हीटरचा किंवा त्याच्या सेन्सरचा असतो. तिथे मेकॅनिक बोलवा.)

पुणे : फ्रीजर ठणठणीत, खालचा कप्पा कोमट. आमच्या ह्यांनी नव्या फ्रिजच्या किमती बघायला सुरुवातसुद्धा केली होती. फ्रॉस्ट फ्रीमध्ये खाली गारवा येतो तो फ्रीजरमधून पंख्याने ढकललेल्या हवेचा, आणि आमच्याकडे त्या झरोक्याला इडलीच्या पिठाचं पातेलं टेकून बसलेलं! पातेलं सरकवलं, संध्याकाळपर्यंत ताक गार.

रत्नागिरी : दाराचं रबर. पावसाळ्यात आमच्याकडे त्यावर काळी बुरशी धरते आणि दार नीट चिकटत नाही. दहाची नोट दारात अडकवून ओढायची. सहज निघून आली तर त्या जागी फट आहे. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन घड्या उघडून घासा, कोरडं पुसा. रबर वाकलं असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने शेकून हाताने सरळ करा. फाटलंच असेल तर मॉडेल नंबर सांगून नवं आणायचं. बऱ्याच फ्रिजमध्ये ते नुसतं खाचेत बसवलेलं असतं. बाहेरून दाराला घाम येतो तो मात्र दमट हवेचा, त्याला घाबरू नका.

नागपूर : उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मागून 'टिक' व्हायचं, घरघर करून बंद, थोड्या वेळाने पुन्हा टिक. कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघत होता, जमत नव्हतं. स्टॅबिलायझर लावल्यावर थांबलं. व्होल्टेज बरोबर असूनही असंच होत असेल तर रिलेवर (कॉम्प्रेसरला सुरू करून देणारा छोटा भाग) संशय घ्या, तो बदलणं कॉम्प्रेसर बदलण्याच्या मानाने किरकोळ काम आहे. लाइट गेली-आली की पाच मिनिटं थांबून फ्रिज लावावा, नळीतला दाब समतोल होतो. आणि नव्या फ्रिजच्या बाजू गरम लागतात कारण आतली उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर तिथेच दडलेला असतो, त्या बाजू भिंतीला चिकटवू नका.

सांगली : मी आयुष्यभर हेच काम केलं, आता निवृत्त. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फ सुरीने खरवडणाऱ्यांनी माझं घर चालवलं असं म्हटलं तरी चालेल. फ्रीजरचा तो पत्रा म्हणजेच कॉइल, अ‍ॅल्युमिनियमचा. सुरीचं टोक लागलं की फुस्स. नॉबच्या मधलं बटण दाबा, बर्फ आपोआप सुटेल. दुसरं, मागचं लेबल वाचा. आर ६००ए लिहिलं असेल तर आत आयसोब्युटेन आहे, पेट घेणारा. नळी कापणं, डाग देणं हे घरी करायचं काम नाही.

कोल्हापूर : दार आपोआप लागत नसेल तर पुढचे पाय थोडे वर घ्या, स्क्रूसारखे फिरतात. बास.

ठाणे : सांगलीचे काका, फ्रिजच्या हँडलला हात लावला की झिणझिण्या येतात, अनवाणी असले तर जास्तच. हे घरी बघण्यासारखं आहे का?

सांगली : ताई, आधी प्लग काढा आणि मुलांना लांब ठेवा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये खोचलाय का, तेवढंच तुम्ही पाहा. तसं असेल तर अर्थिंग तुटलेलं आहे. नसेल तर वायरमनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या आणि फ्रिजमध्ये करंट कुठून उतरतोय तेही बघायला लावा. तोवर फ्रिज लावू नका, दूध नासलं तर नासू दे.